आयलॉक घ्यावा का? नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका छोट्या स्टुडिओवाल्याचं मत

सहा हजारांच्या आसपास पैसे मोजून अंगठ्याएवढी यूएसबीची कांडी घ्यायची. तिच्यात ना गाणं ठेवता येत, ना साधी फाइल. आणि ती लावल्याशिवाय आपण रीतसर पैसे भरून घेतलेलं संगीताचं सॉफ्टवेअर उघडत नाही. आयलॉकचं हे वर्णन ऐकून कोणीही विचारेल, मग घेता कशाला? तुमचं सगळं काम एकाच खोलीत, एकाच कॉम्प्युटरवर होत असेल तर खरंच घेऊ नका, पैसे वाचवा. पण लॅपटॉप काखोटीला मारून गावोगाव रेकॉर्डिंग करत असाल, मधूनच मिक्सिंगला मुंबई गाठत असाल, तर आज जे पर्याय हाताशी आहेत त्यांत मला हाच कमी डोकेदुखीचा वाटतो.

माझा स्टुडिओ म्हणजे इंदिरानगरातल्या दोन खोल्या. एकीत मी बसतो, दुसरीत गाणारा. अहिराणी गाणी, चैत्रोत्सव आणि नवरात्राच्या तोंडावर वणीच्या देवीची गाणी, निवडणुका लागल्या की प्रचारगीतं, गणपतीआधी ढोल पथकांचं रेकॉर्डिंग, असा सगळा मिसळीचा कारभार. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर दोन: चाली आणि प्रोग्रॅमिंग क्युबेसवर, मिक्स प्रो टूल्सवर, कारण मुंबईचे लोक प्रो टूल्सचंच सेशन, म्हणजे गाण्याच्या कामाची फाइल, मागतात. वर प्लगिनांचा, म्हणजे आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरांचा संसार, त्यातले बरेचसे आयलॉकवाले. कांडीची किंमत सहा हजार असेल, पण तिच्या पोटात माझे लाख-दीड लाख अडकलेले आहेत. तिच्याबद्दल बोलायचं तर हा आकडा डोक्यात ठेवूनच बोलायला हवं.

आधी ही करते काय ते. ज्यांनी मेन रोड किंवा रविवार कारंजाच्या बाजूला डीटीपीवाल्याशेजारी बसून लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासलंय, त्यांनी हिची थोरली बहीण पाहिलेली आहे. श्रीलिपीचं ते लॉक आठवा. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं असायचं. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. टॅलीचंही एकेकाळी तसंच होतं. आयलॉक त्याच घराण्यातला. आतमध्ये सुरक्षा चिप असते. सॉफ्टवेअर तिला एक कोडं घालतं, चिप आतल्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढून देते, उत्तर बरोबर आलं तर सॉफ्टवेअर पुढे सरकतं. ती गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही, म्हणून पेनड्राइव्हसारखी हिची कॉपी मारता येत नाही. अमेरिकेतल्या पेस नावाच्या कंपनीचा हा माल. पेस स्वतः संगीताचं सॉफ्टवेअर विकत नाही, विकणाऱ्यांना कुलूप पुरवते. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची लायसन्स एकाच कांडीत बसतात. दुसऱ्या पिढीच्या कांडीत पाचशे मावायची, तिसऱ्या पिढीच्या धातूच्या कांडीत पंधराशे मावतात. पंधराशे प्लगिन विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, त्याला भेटायला आवडेल.

संगीतात हे प्रकरण जुनं आहे. १९८९ मध्ये अटारी एसटी या कॉम्प्युटरवर क्युबेस आलं तेव्हा त्याच्यासोबत कार्ट्रिजच्या खाचेत घालायची किल्ली यायची. लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही, ते बनवणाऱ्या ईमॅजिक कंपनीच्या काळापासून, यूएसबी किल्ली होती. ॲपलने २००२ मध्ये ईमॅजिक विकत घेतली आणि २००७ मध्ये लॉजिक ८ काढताना ती किल्ली काढून टाकली. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने बराच काळ दम धरला. क्युबेसची मोठी आवृत्ती हवी तर ई-लायसन्सर नावाची वेगळी कांडी लागायचीच. मार्च २०२२ मध्ये क्युबेस १२ आलं आणि कांडी गेली. आता नेटवरून लॉगिन करायचं, एका वेळी तीन कॉम्प्युटरवर चालतं, एकदा सुरू झालं की रोज नेट लागत नाही. उत्तम काम केलं. मग २० मे २०२५ ला ई-लायसन्सरची सेवाच बंद झाली.

हे बंद होणं नीट समजून घ्या. माझ्याकडे जुन्या क्युबेसचं लायसन्स असलेली एक ई-लायसन्सर अजून आहे. ती चालते. जुन्या लॅपटॉपला लावली की जुनी सेशन्स उघडतात, कारण लायसन्स कांडीतच आहे, कुठल्या सर्व्हरला विचारायचं नाही. पण ती उद्या मोडली तर ते लायसन्स दुसऱ्या कांडीत हलवून देणारं कोणी उरलेलं नाही. म्हणजे कांडी ही कंपनीच्या सेवेपेक्षा जास्त टिकाऊ वस्तू आहे, आणि त्याच वेळी तिच्याइतकी नाजूक दुसरी वस्तू स्टुडिओत नाही. नेटवर तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं उलटं. तिथे हरवण्यासारखं काही नसतं, पण सर्व्हर बंद झाला की नवीन मशीनवर काहीच सुरू करता येत नाही. दोन्हींत आपण दुसऱ्याच्या हातात, फरक इतकाच की कांडीवाल्या प्रकारात एक टोक आपल्या खिशात असतं.

आयलॉकमध्येही आता कांडी सक्तीची राहिलेली नाही. तीन वाटा आहेत. लायसन्स कांडीत ठेवा, कॉम्प्युटरवर ठेवा, नाहीतर आयलॉक क्लाउडवर ठेवा. कोणती वाट खुली आहे हे प्रत्येक प्लगिनवाला आपापलं ठरवतो, म्हणून विकत घेण्याआधी त्यांच्या पानावर पाहून घ्या. कॉम्प्युटरवर ठेवलं तर हरवायची भीती नाही, पण विंडोज फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक लायसन्स आठवणीने परत काढून घ्यायला लागतं. हार्डडिस्क अचानक गेली तर ती संधीही मिळत नाही, मग कंपनीला मेल करत बसा. नाशिकला पावसाळ्यात विजेचा जो लपंडाव चालतो त्यात हार्डडिस्क अचानकच जातात, सांगून जात नाहीत. क्लाउड फुकट आहे, कांडी घ्यावी लागत नाही, पण काम चालू असेपर्यंत नेट चालूच राहावं लागतं, आणि एका वेळी एकाच मशीनवर वापरता येतं. कॉलेज रोडला फायबर घेऊन बसलेल्या मुलाला हे पुरेसं आहे. मला नाही, आणि का नाही ते सटाण्याला कळतं.

बागलाणात, सटाण्याच्या पुढे एका मळ्यात एका आजींची लग्नातली अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला गेलो होतो. आजी नाशिकला यायला तयार नव्हत्या, "गाडी लागस" म्हणाल्या, विषय संपला. मग आम्हीच बोचकं बांधून गेलो. डाळिंबाच्या बागेत घर, भिंती जाड, आतमध्ये सुंदर कोरडा आवाज, नाशिकच्या माझ्या बूथपेक्षा बरा. मोबाइलला रेंज हवी तर गच्चीवर जाऊन टाकीच्या बाजूला उभं राहायचं. लॅपटॉप माजघरात, आजी पाटावर, माइक चार बोटं लांब. प्रो टूल्स उघडलं, कांडीचा दिवा लागला, काम सुरू. दुपारभर गाणी झाली. नेट नावाची गोष्ट जगात आहे हे कोणाला आठवलंही नाही. क्लाउडच्या भरवशावर गेलो असतो तर लॅपटॉप घेऊन टाकीशेजारी बसावं लागलं असतं आणि आजींना जिना चढायला लावला असता.

आजींचा नातू, पाचवी-सहावीतला, लॅपटॉपजवळून हलत नव्हता. कांडीकडे बोट करून म्हणाला, "भाऊ, हाई काय शे?"

"कुलपाची किल्ली."

"मंग कुलूप कोठे शे?"

"ह्या लॅपटॉपमध्ये."

त्याने दोन्हींकडे पाहिलं. "मंग किल्ली कुलूपलेच लाई ठेल शे?"

सिक्युरिटीवर पुस्तकं लिहिणारे याहून वेगळं काय सांगतात मला माहीत नाही. लॅपटॉप चोरीला जाईल तेव्हा किल्लीही त्यालाच लटकलेली असेल. त्या दिवसापासून बॅग भरताना कांडी काढून माझ्या शर्टच्या आतल्या खिशात जाते, लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

मुंबईचं सांगतो. मोठ्या कामाचं शेवटचं मिक्स अंधेरीला होतं. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकल. पूर्वी सोबत हार्डडिस्क, लॅपटॉप, त्याचा चार्जर असा लवाजमा असायचा. आता सेशन हार्डडिस्कवर आणि कांडी खिशात. तिथल्या मशीनवर तेच प्लगिन इन्स्टॉल केलेले असले, आणि आवृत्ती जुळत असली, की माझी कांडी खोचायची आणि माझी लायसन्स तिथे जिवंत. कोणाच्या मशीनवर लॉगिन नको, पासवर्ड नको, निघताना काढून घेतली की मागे काही उरत नाही. हा एक उपयोग इतका सरळ आहे की बाकीच्या कटकटींवर मी पाणी सोडतो. फक्त निघताना काढून घ्यायचं लक्षात राहायला हवं. मी कांडीला लाल रंगाचा जाड गोंडा बांधलाय, वणीच्या यात्रेतला. स्टुडिओतले लोक हसतात, पण कोणाच्याही मशीनवर ती विसरून राहणं शक्य नाही.

आता कटकटी. सगळ्यांत मोठी यूएसबी हबची. एका गायिकेचं रेकॉर्डिंग रंगात आलेलं, अंतऱ्याच्या मधोमध स्क्रीनवर चौकट आली की कांडी सापडत नाही. बाईंचे डोळे मिटलेले, त्या गातच होत्या, आणि इकडे मी टेबलाखाली वाकलेलो. कांडी जागेवरच होती. गडबड हबची, दोन-तीनशे रुपयांवाला, त्यावरच कीबोर्ड, त्यावरच हार्डडिस्क. हार्डडिस्कने जोर काढला की हबवरची बाकी मंडळी क्षणभर डोळे मिटायची. आता कांडी थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात. लॅपटॉपला लावताना मध्ये वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर. त्याने दोन गोष्टी होतात. कोणाचा हात लागला तर धक्का वायरला बसतो, लॅपटॉपच्या पोर्टाला नाही, आणि शेजारचं पोर्ट झाकलं जात नाही. ढोल पथकाचं रेकॉर्डिंग गंगापूर रोडला नदीकाठच्या मैदानात करतो तेव्हा ही वायर सोन्याच्या मोलाची. वीस-पंचवीस ढोलांवर एकदम टिपरू पडलं की टेबलावरचा चहाचा कप सरकतो, तिथे लटकत्या कांडीचं काय होईल. मी कांडी वायरसकट टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधून टाकतो.

दुसरी गोष्ट हरवण्याची, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. कांडी मोडली आणि हातात असली तर तुकडे दाखवता येतात, बदलून घ्यायची व्यवस्था आहे. हरवली किंवा चोरीला गेली तर प्रत्येक कंपनी आपलं लायसन्स परत द्यायचं की नाही ते स्वतंत्रपणे ठरवते. नाशिक रोडच्या एका संगीतकार मित्राची बॅग द्वारका चौकात शेअर रिक्षात राहिली. रिक्षा गेली, बॅग गेली, कांडी गेली. पोलिसांत तक्रार, बिलांच्या प्रती, सगळं जमवून बिचाऱ्याने सगळ्यांना मेल केले. एका कंपनीने लगेच परत दिलं. एकीने फी मागितली. एकीने जुन्या ई-मेलवरचं बिल मागितलं, तो ई-मेल बंद पडलेला. एकीने उत्तरच दिलं नाही. तोपर्यंत नवरात्र उलटून गेलं होतं, हातातली गाणी दुसरीकडे गेली.

यावर पेसकडे इलाज आहे, झिरो डाउनटाइम नावाचा, एका कांडीला वर्षाला तीसेक डॉलर. म्हणजे आपल्याकडे अडीच हजारांच्या वर. तो घेतला असेल तर कांडी गेल्याचं कळवताच तात्पुरती लायसन्स मिळतात, काम थांबत नाही. हरवणं-चोरीही त्यात धरलेली असते. मी तो भरतो. पण भरताना दर वर्षी चडफडतो. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांनी विकली, चोरी थांबवायची ती त्यांची, आणि किल्ली हरवेल या भीतीचा हप्ता माझ्या खिशातून. क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ना कांडी लागते, ना हप्ता, ना त्याची कांडी रिक्षात विसरते. नाशिकमध्ये अशा खोल्या किती आहेत हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, नावं घ्यायला नको. मी पैसे भरतो ते काही साधुत्व म्हणून नाही. मुंबईचं सेशन माझ्याकडे आल्यावर ते जसंच्या तसं उघडायला हवं, आणि माझं तिकडे गेल्यावरही. आवृत्त्या जुळल्या नाहीत की क्लायंटसमोर चेहरा कुठे लपवायचा हा प्रश्न पडतो.

नव्याने सुरुवात करणारी मुलं मला विचारतात, दादा, पहिला आयलॉक कुठून घेऊ? त्यांना सांगतो, पहिला माइक घ्या. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, साठ डॉलरचं सवलतीचं लायसन्स छोट्या कामाला पुरतं, साठ दिवस तर तसंच वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. फॅबफिल्टरचे प्लगिन नुसत्या कोडवर चालतात. वेव्हज या प्लगिनवाल्या कंपनीने तर कधीच आयलॉक सोडलं, त्यांचं लायसन्स कॉम्प्युटरवर नाहीतर कुठल्याही साध्या पेनड्राइव्हवर ठेवता येतं. फक्त तो पेनड्राइव्ह घरात कोणी सिनेमे भरायला घेऊन फॉरमॅट मारणार नाही याची काळजी घ्या. या सगळ्यांत दोन-चार वर्षं मजेत निघतात. आयलॉकची गरज पडेल तेव्हा ती आपण होऊन दारात येते, बहुधा एखाद्या मुंबईच्या क्लायंटच्या रूपात.

घ्यायचाच असेल तर नाशिकच्या दुकानात शोधत फिरू नका. एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर, मी सगळीकडे विचारलं, लोकांनी प्रेमाने पेनड्राइव्ह दाखवले. मुंबईच्या प्रो-ऑडिओवाल्यांकडून कुरिअरने येतो, बिल मागून घ्या, हरवला तर तेच बिल मागतात. जुना, कोणाचा तरी वापरलेला, स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला निघाला तर पैसे पाण्यात. पहिल्या पिढीचा जाडजूड प्लास्टिकचा कोणी देत असेल तर हात जोडा, आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाहीत. लॅपटॉपला नुसतीच टाइप-सी पोर्टं असतील तर टाइप-सीवाली आवृत्तीही मिळते, तीच घ्या. मधे कन्व्हर्टर म्हणजे आणखी एक सैल सांधा.

माझ्याकडे सध्या एकच आहे आणि सिंहस्थाची कामं आता सुरू होतायत. भजनांचं, घाटावरच्या ध्वनिमुद्रणाचं विचारणारे फोन यायला लागलेत. घाटावर लॅपटॉप आणि घरी मिक्सिंगचं मशीन एकाच वेळी चालवायचं म्हणजे दुसरी कांडी लागणार, दुसरा हप्ता लागणार. मी हिशेब मांडलाय असा: रेकॉर्डिंगला लागतात तेवढी दोन-तीन लायसन्स नव्या कांडीत, बाकी सगळा खजिना जुनीत, आणि जुनी इंदिरानगरच्या बाहेर जाणार नाही. रामकुंडावरच्या गर्दीत एखादी गेलीच तर निदान दीड लाख एकदम जाणार नाहीत. प्रो टूल्सचं लायसन्स कोणत्या कांडीत ठेवायचं एवढं मात्र अजून ठरत नाहीये.